विळा, पाते आणि दोरी

संकेश्वर हे हिरण्यकेशीच्या काठचे गाव. पावसाळा सरत आला, की येथील उसाच्या शिवारांतील बांध, पाणंदी आणि ओढ्यांचे काठ गवताने झाकून जातात. या जागा सपाट नसतात. कोठे दगड, कोठे चिखल, तर कोठे कुंपणाची तार. म्हणूनच विळ्याचे राज्य येथे टिकून राहिले. विळा धरणारा हात दगड पाहून थांबतो; मात्र कंबर दिवसभर वाकलेली राहते आणि बहुधा ती स्त्रीची असते.

हा भार यंत्रावर सोपविण्याचा मोठा प्रयत्न इंग्लंडात झाला. स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. परंतु कापड सपाट असते, बांध तसा नसतो. त्याचे यंत्र बंगल्यांच्या हिरवळीपुरते राहिले.

ही उणीव भरून निघण्यास 1971 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास याने मोटारी धुणाऱ्या यंत्रातील फिरते कुंचले पाहिले आणि भोके पाडलेल्या डब्यात मासेमारीची दोरी ओवून ती गवतावर फिरविली. वेगाने फिरणारी मऊ दोरी ताठ होते, देठ तोडते आणि दगडाशी गाठ पडल्यास स्वतःच झिजते. पुढे हेच साधन चाकांवर बसले. इंजिनाचा भार चाकांनी उचलला आणि माणूस ताठ उभा राहून त्यामागे चालू लागला.

तथापि यंत्रालाही शिस्त लागते. उंच, ओले गवत दोरीभोवती गुंडाळते. ते आधी वरून, मग बुडापासून कापावे. उतारावर आडवे चालावे. खडे उडतात म्हणून डोळे झाकावेत, आणि तारेपासून दूर राहावे. तीत दोरी अडकते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न चाऱ्याचा. दोरी गवताचा चुरा करते; त्याची पेंढी बांधता येत नाही. ज्याच्या दावणीला म्हैस आहे, त्याच्या बांधावर विळाच हवा. उलट पाणंद मोकळी करावयाची असेल, तर यंत्र उपकारक. पुण्यात 1950 नंतरच्या दशकात प्रथम आढळलेले गाजर गवत मात्र दोहोंना पुरून उरते. कापले तरी ते पुन्हा फुटते, आणि उडालेल्या चुऱ्याने अंगाला खाज सुटते. ते फुलण्यापूर्वी, हात झाकून, मुळासकट उपटणेच इष्ट.

याच बेळगाव जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे 1903 च्या त्या नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. शेतकऱ्याची ती शंका चुकीची ठरली. पण नवे अवजार आपल्या मातीवर पारखून घेण्याची त्याची सवय चुकीची नव्हती. दोरीच्या यंत्रालाही तोच न्याय लावावा, आणि पारख करताना वाकलेल्या कंबरेचा हिशेब विसरू नये.