ध्वनितबकडीपासून संगणकीय फाइलपर्यंत : संगीतसंग्रहाचे स्थित्यंतर

सोनी व फिलिप्स यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये जपानच्या बाजारपेठेत आली. तिच्यातील ध्वनीस प्रतिसेकंद सुमारे १४११ किलोबिट लागतात. १९९० च्या दशकातील एमपी३ तंत्राने, मानवी कानास सहसा न जाणवणारा अंश वगळून, हे प्रमाण १२८ किलोबिटपर्यंत, म्हणजे सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणता येऊ लागले. परिणामी १९९८ मधील ‘रिओ’ या खिशात मावणाऱ्या यंत्राच्या ३२ मेगाबाइट स्मृतीत अर्ध्या तासाचे संगीत सामावले. ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. तथापि १९९९ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने स्वतःजवळील संगीताची वैयक्तिक वापरासाठी केलेली अशी नक्कल कायद्याच्या हेतूशी सुसंगत ठरविली. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने या प्रथेस वेग दिला.

मात्र एमपी३ करताना वगळलेला ध्वनी पुन्हा मिळविता येत नाही. रूपांतरानंतर ज्यांनी मूळ तबकड्या विकल्या, त्यांच्यापाशी केवळ संक्षेप उरला. याउलट, २००१ मध्येच प्रसृत झालेल्या ‘फ्लॅक’ पद्धतीत जागा अधिक लागते. पण ध्वनी जसाच्या तसा राहतो. सारांश, वापर आणि जतन ही दोन भिन्न उद्दिष्टे होत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या ध्वनिसंग्रहांचे रूपांतर करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.