देहचिंतेची पूर्वपीठिका

ज्या मुलखात गावोगावी तालमी होत्या आणि वस्तादाच्या नजरेखाली पोरांनी जोर-बैठका काढणे हे पेरणी-कापणीइतकेच स्वाभाविक मानले जात होते, त्याच महाराष्ट्रात आपली छाती अरुंद आहे, दंड बारीक आहेत, अंगी पौरुष बेताचेच आहे, या चिंतेने एखाद्या सुशिक्षित तरुणाने रात्र रात्र तळमळत काढावी, ही अवस्था माझ्या मते फारशी पुरातन नाही. किरकोळ देहाची माणसे पूर्वीही होतीच. परंतु किरकोळपणाला लांच्छनाचे रूप आले ते इंग्रजी अमलात. इंग्रज मुत्सद्दी मेकॉलेने बंगाली माणसाच्या शरीरावर तुच्छतेचे शेरे मारले. पुढे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या अमदानीत ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ अशी जातींची जी वर्गवारी लष्करभरतीसाठी पक्की झाली, तिच्यापायी, ज्यांचे पूर्वज कोरेगावच्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने लढले होते, त्या महारांनाही पलटणींची दारे बंद झाली. मर्दुमकीचा दाखला सरकारी दप्तरातून मिळावयाचा, आणि तोही जात पाहून!

पांढरपेशा तरुणांची धडपड निराळ्या वाटेने चालली होती. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष प्रकृती कमावण्यात घालविले व परीक्षेत अपयश पत्करले, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. १९०४-०५ च्या सुमारास विलायतेतला प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू सँडो हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याच्या पिळदार देहाची छायाचित्रे पाहून आरशासमोर उभे राहण्याची नवी सवय तरुणांना जडली. सूर्यनमस्कारांचा प्रसार करून पुढे ख्यातनाम झालेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीदेखील आधी कित्येक वर्षे सँडोच्याच पद्धतीने मेहनत केली होती. घरच्या विद्येकडे वळावयाला संस्थानिकालासुद्धा विलायतेचा वळसा पडला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

यापेक्षाही खोल रुतलेले भय निराळेच होते. वीर्यरक्षणाचा उपदेश आखाड्यात जुनाच. परंतु तो छापखान्यात शिरल्यावर रक्ताच्या अमुक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, असले हिशेब शाळकरी मुलांच्या हाती पडू लागले, आणि स्वप्नदोषासारखी निरुपद्रवी गोष्ट सर्वनाशाची नांदी ठरली. या भयावर धातुपौष्टिक गोळ्यांचा व्यापार पोसला गेला. वर्तमानपत्रांच्या पानांवर देशभक्तीच्या अग्रलेखांशेजारी नष्ट झालेले पुरुषत्व परत मिळवून देण्याच्या जाहिराती सुखेनैव नांदत होत्या; संपादकांना त्यात विसंगती वाटत नसे, कारण पैसे रोख मिळत.

अशा काळात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी, संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावल्यानंतर, जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्यातील प्रश्नोत्तरे हा माझ्या समजुतीप्रमाणे त्या पिढीच्या मनाचा सर्वांत सच्चा दस्तऐवज होय. बापाला विचारता येत नव्हते, वैद्याला विचारले तर गोळ्या गळ्यात पडत, मित्राला विचारले तर थट्टा होई. असे सारे प्रश्न या मासिकाकडे टपालाने येत. कर्व्यांचे उत्तर बहुधा आखूड, रूक्ष, गणितज्ञाला शोभेलसे. हस्तमैथुनाने प्रकृती बिघडत नाही, हे ते सांत्वनाचा एकही शब्द न वापरता सांगून मोकळे होत. मला तर वाटते, घाबरलेल्या मुलाला त्या कोरडेपणानेच अधिक धीर येत असावा. कारण ज्याला आपला रोग असाध्य वाटत आहे, त्याला दया दाखविली की त्याचा संशय बळावतो.

सनातनी मंडळींना हे सोसले नाही. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ साली एकदा शिक्षा होऊन गेलेली असताना, १९३४ मध्ये पुन्हा फिर्याद झाली, ती या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. बचावाला बॅरिस्टर डॉ. आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र पुढे एकोणीस वर्षे, १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, निघतच राहिले.