जोगळटेंभीची पुनर्मुद्रांकित चांदीची नाणी : ओळख व मूल्य

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकलेली आढळते. एका बाजूस चैत्य व ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह आणि त्यांखाली नहपानाच्या मूळ ठशाचे अवशेष, ही या नाण्यांची ओळख होय. संग्राहक सामान्यतः सुस्पष्ट ठशाला अधिक किंमत देतात. येथे मात्र एकमेकांवर उमटलेले अस्पष्ट ठसे हा दोष नसून सत्तांतराचा समकालीन पुरावा आहे. म्हणून अशा नाण्यांचे मूल्यमापन करताना केवळ बाह्य सुबकता न पाहता दोन्ही ठशांचे वाचन करणे अगत्याचे ठरते.