वाचनालय मागितले, अभ्यासिका मिळाली

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की कुठल्या ना कुठल्या वस्तीत बाबासाहेबांच्या नावाच्या वाचनालयाचे भूमिपूजन होते. फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो, भाषणे होतात. दीड-दोन वर्षांनी इमारत उभी राहते. आत जाऊन पाहावे तर प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. पुस्तके विचारली तर कोपऱ्यातले लोखंडी कपाट दाखवतात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाच्या तरी घरी.

आमच्याही वस्तीत हेच झाले. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर खोली बांधली. जिना अरुंद, बाहेरच्या बाजूने. तिथे एमपीएससीची, पोलीस भरतीची पोरे बसतात. बसावीतच. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसे राहत असतील तर शांत खुर्ची ही चैन नव्हे. पण तिसरीतली मुलगी त्या जिन्याने वर जात नाही. धुणीभांडी करून परतणारी बाई जात नाही. ज्या आजोबांना पेपर वाचायचा असतो ते खाली चहाच्या टपरीवर वाचतात. नाव सार्वजनिक वाचनालयाचे आणि उपयोग एका वयाच्या, बहुतांश मुलग्यांच्या, एका परीक्षेचा. आपण वाचनालय मागितले होते, मिळाली अभ्यासिका.

इमारतीचा नकाशा हा इंजिनिअर आणि कंत्राटदाराचा विषय, असे समजून आपण तो सोडून देतो. ही चूक आहे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे अनेकदा नियमाच्या आधी भिंतच ठरवते. जातीच्या समाजात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. गावकुसाची भिंत हेच काम करत होती. तरीही ग्रंथालयाच्या बाबतीत हे नीट दिसावे म्हणून मी अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा इतिहास पुढे ठेवतो.

पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा कमावलेल्या अँड्र्यू कार्नेगीने जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. त्याची अट साधी होती: इमारत मी देतो, जागा आणि वर्षाचा खर्च शहराने करातून द्यायचा. अटलांटात असे ग्रंथालय १९०२ साली उघडले. त्या वेळी शहराच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. तेही कर भरत होते. ग्रंथालयात मात्र त्यांना प्रवेश नव्हता.

उद्घाटनाच्या वेळीच एक शिष्टमंडळ विश्वस्तांना भेटायला गेले. त्यात अटलांटा विद्यापीठात शिकवणारे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस होते. हार्वर्डची पीएचडी मिळवलेला हा माणूस आपल्याच शहरातल्या ग्रंथालयातून एक पुस्तक घेऊ शकत नव्हता. शिष्टमंडळाचे म्हणणे दोन मुद्द्यांत सांगता येते. कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि सोय काहींनाच द्यायची, हे अन्यायाचे आहे. आणि या देणगीमागची भावना जातीची, वगळण्याची नाही. होय, ‘जात’ हाच शब्द त्यांनी वापरला होता. विश्वस्तांचा सूर असा होता की गोरे आणि काळे एकत्र आले तर ग्रंथालयाचा उपयोगच संपेल. तुमच्यासाठी वेगळी शाखा काढता येते का ते पाहू.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचे सूत्रही हेच होते: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण कागदावरच. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. करातून चालणारी वस्तू सगळ्यांची, हे अटलांटात डु बॉइस सांगत होते आणि पंचवीस वर्षांनी महाडमध्ये आपले लोक पायाने चालून सांगत होते. (पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, डु बॉइस यांनी उत्तरही दिले. या पत्रव्यवहाराचा उल्लेख आपल्या भाषणांत येतो. डु बॉइस ग्रंथालयाच्या दारात उभे राहिले होते, हे मात्र कोणी सांगत नाही.)

अटलांटात ‘वेगळी शाखा’ यायला १९ वर्षे लागली. १९२१ साली ऑबर्न अव्हेन्यूवर कृष्णवर्णीयांसाठी छोटी शाखा उघडली. वेगळी, म्हणजे अर्थातच कमी. इमारत लहान, पुस्तके थोडी, पैसा तुटपुंजा. तरीही ती वस्तीच्या मध्यावर, लोकांच्या चालण्याच्या रस्त्यावर होती. अ‍ॅनी मॅकफीटर्स नावाच्या ग्रंथपाल तिथे होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा संग्रह त्या शाखेत जमत गेला. त्याच रस्त्यावर जन्मलेला एक मुलगा तिथे पुस्तके न्यायला येत असे. त्याचे नाव मार्टिन लूथर किंग.

मला या शाखेविषयी दोन्ही गोष्टी एकदम म्हणायच्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात याची मला कल्पना आहे. ती शाखा हा अपमान होता. वेगळे तळे देऊन मूळ तळ्याचा हक्क नाकारण्यासारखेच ते होते. पण त्या अपमानाच्या इमारतीला लोकांनी आपले केले, कारण ती जवळ होती, ओळखीच्या माणसाच्या हातात होती आणि लहान मुलाला एकट्याने जाता येण्यासारखी होती. शहरातले भव्य ग्रंथालय तेव्हा यातले काहीच देत नव्हते.

भव्यतेबद्दल थोडे. त्या काळातली अमेरिकेतली मोठी ग्रंथालये ग्रीक-रोमन देवळांसारखी बांधत. पुढे उंच खांब, मोठ्या पायऱ्या, वर घुमट. कोलंबिया विद्यापीठाचे लो ग्रंथालय तसेच. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबियात होते तेव्हा विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय हेच होते. भारतातला एक अस्पृश्य तरुण न्यूयॉर्कमध्ये त्या घुमटाखाली दिवसचे दिवस वाचत बसू शकत होता, आणि त्याच देशाच्या दक्षिणेत जन्मलेला काळा तरुण आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या पायरीवर पाय ठेवू शकत नव्हता. गंमत म्हणजे लो ग्रंथालय दिसायला इतके भव्य असूनही पुस्तकांना अपुरे पडले. १९३४ मध्ये ग्रंथालय समोरच्या नव्या इमारतीत हलवले गेले आणि देवळात कचेऱ्या आल्या.

अटलांटाचे मुख्य ग्रंथालय १९५९ साली खुले झाले. स्पेलमन कॉलेजचे विद्यार्थी आणि प्राध्यापक वारंवार जाऊन पुस्तके मागत राहिले, खटल्याची तयारी झाली, तेव्हा विश्वस्त नमले. पहिले सभासद-कार्ड मिळाले ते डॉ. आयरीन डॉब्स जॅक्सन यांना. स्पेलमनमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या या बाईंकडे फ्रान्सच्या तुलूझ विद्यापीठाची डॉक्टरेट होती. १९७३ मध्ये त्यांचा मुलगा मेनार्ड जॅक्सन अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आला. तोच महापौर असताना, जुनी कार्नेगी इमारत पाडून त्याच जागेवर नवे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९८० साली ते उघडले.

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. पुढे ती तशी राहत नाही.

नवी इमारत मार्सेल ब्रॉयर या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने केली होती. ही त्याची शेवटची इमारत. वास्तुकलेच्या जाणकारांना ती फार मोलाची वाटते. पण ती आहे काँक्रीटचा भलामोठा ठोकळा, आणि खिडक्या अगदी थोड्या. रस्त्यावरच्या माणसाला आत काय चालले आहे ते दिसत नाही. दारावरचा वर्णभेद गेला होता, कार्ड सगळ्यांना मिळत होते, पण भिंत बोलवत नव्हती. पुढे ही इमारत पाडूनच टाकावी अशी चर्चा झाली, वाचवण्यासाठी मोहीम झाली. शेवटी २०१८ मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद करून काँक्रीटमध्ये नव्या खिडक्या कापल्या आणि २०२१ मध्ये पुन्हा उघडली. खिडक्या कापल्याने ब्रॉयरची कलाकृती बिघडली, असे म्हणणारे होते. त्यांचे दुःख मी समजू शकतो. पण ग्रंथालय आधी वाचकांचे असते, मग कलाकाराचे. माझे मत खिडक्यांच्या बाजूने आहे.

आता आपल्याकडे या. तमिळनाडूत १९४८ सालापासून ग्रंथालय कायदा आहे आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा उपकरही घेतला जातो. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण त्यात उपकर नाही. आपली ग्रंथालये मुख्यतः संस्थांच्या हातात आहेत आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देते. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच संस्था, जागा आणि देणगीदार आहेत, ते वरच्या वर्गात. वस्तीतले वाचनालय कायम ‘ड’च्या आसपास लटकलेले.

चेन्नईत २०१० साली अण्णा शताब्दी ग्रंथालय उघडले. नऊ मजल्यांची इमारत. तिथे अंधांसाठी ब्रेल विभाग आहे, मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि स्वतःची पुस्तके आणून अभ्यास करणाऱ्यांसाठीही वेगळी जागा आहे. हा शेवटचा तपशील आपल्यासाठी महत्त्वाचा. परीक्षा देणारी पोरे तिथेही आहेत, त्यांना जागाही आहे. पण त्यांच्या जागेने बाकी ग्रंथालय गिळलेले नाही. सरकार बदलल्यावर २०११ मध्ये या इमारतीत मुलांचे रुग्णालय करायचा निर्णय झाला. लोक न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो रोखला. ग्रंथालय आजही चालू आहे.

आपल्या अभ्यासिकेचे उद्या कोणी गोडाऊन केले तर कोण न्यायालयात जाईल? तिथे बसणारी पोरे परीक्षा पास झाली किंवा वय निघून गेले की येणे थांबवतात. ज्या इमारतीशी मुलांचे, बायकांचे, म्हाताऱ्यांचे नातेच जुळलेले नाही, तिच्यासाठी वस्ती रस्त्यावर येत नसते.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा पुस्तकांचा विचार आधी केला. घर पुस्तकांसाठी बांधले, उरलेल्या जागेत पुस्तके लावली नाहीत. वस्तीत पुढचे भूमिपूजन होईल तेव्हा नारळाआधी नकाशा मागून घ्या. दार रस्त्याकडे आहे की मागच्या बोळात, ते पाहा. खोली तळमजल्यावर का नाही, हे विचारा. बाईसाठी स्वच्छतागृह दाखवले आहे का? पुस्तकांचे मांडणे उघडे आहेत की कुलपाची कपाटे? मुलांना मोठ्याने वाचता येईल अशी जागा कुठे आहे? रात्री साडेआठला कामावरून सुटणाऱ्यासाठी दिवा चालू राहणार का, आणि ग्रंथपालाचा पगार कोण देणार? नगरसेवक म्हणतील, आधी बांधून तर होऊ द्या, मग बघू. तेव्हा त्यांना सांगा की काँक्रीट पडल्यावर अटलांटाला खिडक्या कापायला चाळीस वर्षे लागली.