विम्याच्या खतावणींतून रोगांचा इतिहास

ज्याचा हात चौतीस वर्षें शाळेचा हजेरीपट भरण्यांत झिजला, अशा मनुष्यानें आरोग्याच्या विषयावर बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे आणि संख्याशास्त्रज्ञहि नव्हे. परंतु एका कामासाठीं लिहिलेली वही पुढें भलत्याच कामीं कशी येते, हें मला त्या हजेरीपटानेंच शिकविलें. पट भरावयाचा तो अनुदानासाठीं आणि तपासणीस येणाऱ्या साहेबांसाठीं. पण वर्षाअखेरीस तोच पट जरा शांतपणें चाळला, म्हणजे कोणत्या महिन्यांत कोणत्या वस्तींतील मुलें तापानें पडलीं, सुगीच्या दिवसांत कोणता मुलगा शेतावर राबला, हें सगळें त्या हजर-गैरहजरच्या खुणांत दिसूं लागे. मुलांची प्रकृति कळावी म्हणून तो पट कोणीं आंखला नव्हता; तरी ती तो सांगत असे. आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे, तो अशाच एका फार मोठ्या पटाचा आहे.

आरंभ लंडन शहरापासून करूं. सतराव्या शतकांत तेथें दर आठवड्यास मृत्यूंची यादी छापून निघत असे. प्लेगची चाहूल वेळेवर लागावी, आणि ज्यांस शक्य असेल त्यांस शहर सोडून जातां यावें, हा तिचा मुख्य उपयोग. प्रेत पाहून मरणाचें कारण सांगण्याचें काम वृद्ध स्त्रियांकडे असे. अशा त्या ओबडधोबड याद्या जमवून जॉन ग्राँट नांवाच्या एका कापडसामानाच्या व्यापाऱ्यानें सन १६६२ सालीं एक पुस्तक लिहिलें. मुलींपेक्षां मुलगे किंचित् अधिक जन्मतात, आणि जन्मलेल्या मुलांपैकीं किती मोठा वांटा बाळपणींच दगावतो, अशा गोष्टी त्यानें त्या यादींतून काढून दाखविल्या. दुकानाची खतावणी वाचण्याची संवय असलेल्या मनुष्यानें मरणाची खतावणी वाचली, एवढेंच.

परंतु त्या खतावणींत एक मोठी उणीव होती. तिच्यांत मेलेला मनुष्य दिसे, जगणारा दिसत नसे. प्लेगसारखा रोग आठवड्याभरांत माणसास नेतो, तेव्हां मृत्यूची यादी पुरी पडते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग यांची रीति निराळी आहे. हे रोग घरांत शिरतात ते पावलांचा आवाज न करतां, आणि आपलें काम करतात तें दहा-वीस वर्षें घेऊन. मरणाच्या दिवशीं कारण लिहून त्यांचा उगम सांपडत नाहीं. त्या मनुष्याची वीस वर्षांपूर्वींची स्थिति कोणीं तरी लिहून ठेवलेली असावी लागते. म्हणजे वही हवी ती जिवंत माणसांची.

अशी वही विम्यानें दिली. सन १८८३ सालीं जर्मनींत बिस्मार्कनें कामगारांसाठीं आजारपणाच्या विम्याचा कायदा करविला. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार सरकारच्या बाजूस राहावा, हा त्यांतील राजकीय हेतु. पण कायद्याबरोबर वह्या आल्या. कोण आजारी पडला, कशानें पडला, किती दिवस कामावर गेला नाहीं, त्यास किती रक्कम दिली, हें सारें लिहून ठेवणें भाग झालें. लाइप्झिग शहराच्या अशाच एका विमा-निधीच्या नोंदींवरून जर्मन सरकारच्या सांख्यिकी कचेरीनें सन १९१० सालीं मोठा अहवाल काढला. निरनिराळ्या धंद्यांतील माणसें किती आजारी पडतात व किती मरतात, याची तुलना तींत होती.

त्याच सुमारास अमेरिका व कॅनडा येथील ४३ आयुर्विमा कंपन्यांनीं आपल्या नोंदी एकत्र केल्या, आणि त्यांचे निष्कर्ष सन १९१२ ते १९१४ या काळांत प्रसिद्ध झाले. मध्यम वयांत ज्यांचें वजन फार, तीं माणसें अपेक्षेपेक्षां लौकर मरतात, असें त्यांत आढळलें. आपल्याकडे अंगावर मांस चढलें कीं मनुष्य खात्यापित्या घरचा म्हणून त्याचें कौतुक होत असे. विलायतेंतहि समजूत फारशी निराळी नव्हती. पुढें रक्तदाबाच्या बाबतींतहि तसेंच घडलें. वयाबरोबर रक्ताचा दाब वाढणें हें शरीरास आवश्यकच आहे, असें पुष्कळ डॉक्टर त्या काळीं मानीत. विमा कंपन्यांच्या वह्या मात्र निराळें सांगत होत्या. पण या वह्यांत ज्यांची विमा घेण्याची ऐपत होती तेवढींच माणसें होतीं. गरीब मनुष्य तेथें मुळींच दिसत नव्हता.

यानंतर शास्त्रज्ञांनीं दुसरा मार्ग धरला. सन १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी करून, त्यांच्यावर वर्षानुवर्षें नजर ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. रक्तदाब, धूम्रपान व हृदयविकार यांच्या संबंधाविषयींचें आपलें ज्ञान पुष्कळ अंशीं या गांवाचें ऋणी आहे. तथापि एका गांवांत पांच हजार माणसें. त्यांतून एखादा विरळ रोग अभ्यासावयाचा म्हटलें तर रोगी हातावर मोजण्याइतकेच मिळावयाचे. शिवाय एका गांवाचा नियम साऱ्या जगास लागू पडतो, असें कसें म्हणावें?

येथें इतिहास पूर्वेकडे वळतो, आणि मला विशेष वाटतें तें हें कीं तो शिक्षकांच्या दारांत येऊन थांबतो. दक्षिण कोरियांत सक्तीचा आरोग्य-विमा सन १९७७ सालीं, पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपासून सुरू झाला. सन १९७९ च्या जानेवारींत सरकारी नोकर व खासगी शाळांतील शिक्षक यांस तो लागू झाला, आणि सन १९८९ च्या जुलैपर्यंत, अवघ्या बारा वर्षांत, सारें राष्ट्र विम्याखालीं आलें. सन २००० सालीं निरनिराळे विमा-निधि मोडून सबंध देशासाठीं एकच संस्था करण्यांत आली. सरकारी नोकर व शिक्षक यांच्या विम्यांत एक चांगली तरतूद होती: दर दोन वर्षांनीं त्यांची वैद्यकीय तपासणी होई. उंची, वजन, रक्तदाब, रक्तांतील साखर या गोष्टी लिहून घेत. विडी-सिगारेट ओढतां काय, दारू घेतां काय, हेंहि विचारीत.

योन्सेई विद्यापीठाचे प्राध्यापक जी सन-हा व अमेरिकेंतील प्राध्यापक जोनाथन सॅमेट यांनीं सन १९९२ ते १९९५ या काळांतील या तपासण्यांच्या नोंदी घेतल्या. कोरियांत प्रत्येक नागरिकास तेरा आंकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याच्या आधारें त्या नोंदी मृत्यूच्या दप्तराशीं जोडतां आल्या. सन २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधांत १२,९८,३८५ माणसें आहेत: ८,२९,७७० पुरुष व ४,६८,६१५ स्त्रिया. दहा वर्षांत त्यांपैकीं २०,५६६ पुरुष व ५,९०७ स्त्रिया कर्करोगानें मरण पावल्या. उपाशीपोटीं ज्यांच्या रक्तांतील साखर १४० किंवा अधिक होती, त्यांची गांठ ९० च्या आंतील माणसांशीं घालून पाहिली, तेव्हां कर्करोगानें मरण्याचा धोका पुरुषांत शेंकडा २९ नें व स्त्रियांत शेंकडा २३ नें अधिक आढळला. स्वादुपिंडाच्या कर्करोगांत तर तो जवळजवळ दुप्पट होता. पुढच्याच वर्षीं वजनाविषयींचा त्यांचा निबंध निघाला. फार स्थूल माणसें लौकर मरतात हें तर दिसलेंच, पण फार कृश माणसांचेंहि मरण अधिक, विशेषतः श्वसनाच्या रोगांनीं, असें त्यांत आढळलें. पांच हजारांच्या गांवांत जें धूसर दिसलें असतें, तें बारा-तेरा लक्षांच्या वहींत स्वच्छ दिसलें.

हें वाचतांना मला माझ्या एका सहकाऱ्याची आठवण झाली. त्यांचें नांव सांगत नाहीं. गणित शिकवीत, तीस वर्षांत क्वचितच रजा घेतली. एका पावसाळ्यांत चपलेनें पायास जखम झाली, ती भरेना. तेव्हां प्रथम रक्त तपासलें, आणि मधुमेह किती तरी वर्षांचा जुना आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें. पायाचीं दोन बोटें काढावीं लागलीं. माझ्याजवळ ते एकदांच बोलले, "गुरुजी, मुलांची प्रगति दर तिमाहीस लिहिली, माझी कोणीं लिहिली नाहीं." त्याच वयाचा कोरियांतील एखादा गणित-शिक्षक दर दोन वर्षांनीं तपासला जात होता. त्याच्या रक्तांतील साखरेचा आंकडा त्यास सावध करीत होता, आणि त्याच्या पश्चात् जगासहि कांहीं शिकवीत होता.

तैवान बेटांतहि सन १९९५ च्या मार्चमध्यें सर्व नागरिकांसाठीं एकच आरोग्य-विमा सुरू झाला. तेथें कावीळ ब या रोगाचें व त्यांतून होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण फार. यकृतांतील गांठ कापून काढली तरी ती पुन्हां उद्भवते. तेथील संशोधकांनीं विम्याच्या दप्तरांतून असे ४,५६९ रोगी वेचले. त्यांपैकीं ५१८ जणांनीं शस्त्रक्रियेनंतर विषाणुविरोधी औषध घेतलें होतें. घेणाऱ्यांत शेंकडा २०·५ जणांस गांठ पुन्हां झाली. न घेणाऱ्यांत शेंकडा ४३·६ जणांस. हा आंकडा पाहून कोणीहि हुरळून जाईल. परंतु प्रत्येकावर नजर ठेवल्याचा काळ सारखा नसतो, आणि कोणी मध्येंच अन्य कारणानेंहि दगावतो. या गोष्टी हिशेबांत घेतल्यावर सहा वर्षांचें प्रमाण ठरलें तें शेंकडा ४५·६ विरुद्ध ५४·६. लाभ खरा, पण पहिल्या नजरेस दिसला तेवढा नव्हे. सन २०१२ च्या या निबंधांत दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं छापले आहेत, आणि मला त्याचा मोठेपणा येथेंच वाटतो.

कारण विम्याची वही ही सत्याची वही नव्हे, ती पैशांची वही आहे, हें विसरतां कामा नये. बिल मंजूर व्हावें म्हणून डॉक्टर रोगाचें नांव लिहितो. केवळ संशय असतां तपासणीसाठीं लिहिलेलें नांवहि रोग म्हणून वहींत बसतें. जो दवाखान्यांत आलाच नाहीं, त्याची तेथें ओळहि नसते. तैवानच्या बिलांत रोगी सिगारेट ओढतो काय, त्याचें वजन किती, हें लिहिलेलें नसे. शिवाय वही समुदायाविषयीं बोलते, एका मनुष्याविषयीं नव्हे. कोरियाच्या विमा-संस्थेनें सन २०१४ सालीं तंबाखूच्या कंपन्यांवर रोग्यांच्या उपचारखर्चासाठीं दावा लावला. सन २०२० सालीं सोलच्या न्यायालयानें तो फेटाळला. त्यांतील एक मुद्दा हाच होता कीं, अमुक रोग्याचा कर्करोग धूम्रपानामुळेंच झाला, हें सिद्ध झालेलें नाहीं. लक्षावधि माणसांविषयीं जें निश्चित, तें एकाविषयीं सिद्ध करणें इतकें कठीण असतें.

आणखी एक प्रश्न याहूनहि नाजूक आहे. मनुष्य आपलें दुखणें डॉक्टरास सांगतो तें बरें होण्यासाठीं. तें तिसऱ्यानें वाचावें काय? संशोधकांच्या हातीं वही देतांना नांवें काढून टाकतात हें खरें. तरी तैवानांतील कांहीं नागरिक आमची संमति कोणीं घेतली, असें विचारीत न्यायालयांत गेले. सन २०२२ च्या ऑगस्टमध्यें तेथील संविधान न्यायालयानें निर्णय दिला कीं, या दप्तरावर स्वतंत्र देखरेख ठेवणारी व्यवस्था हवी, आणि आपली नोंद अन्य कामासाठीं वापरूं नये असें म्हणण्याचा मार्ग नागरिकास मोकळा हवा. त्यासाठीं कायदा सुधारण्यास तीन वर्षांची मुदत दिली. मला हा निर्णय संशोधनाच्या विरोधांतला वाटत नाहीं. ज्याची वही, त्यास विचारावें, ही साधी रीत आहे. लोकांचा विश्वास गेला तर ते डॉक्टरास खरें सांगणार नाहींत, आणि मग वहींत कांहींच उरणार नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळून पाहूं. कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना आखण्याचें काम सन १९४३ सालीं प्रा. बी. पी. आडारकर यांजकडे आलें, आणि सन १९४४ सालीं त्यांनीं अहवाल दिला. त्याच्या पायावर सन १९४८ चा कायदा झाला, व सन १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. सन २०१८ सालीं आयुष्मान भारत योजनेंत कोट्यवधि गरीब कुटुंबांस रुग्णालयांतील उपचारांसाठीं वर्षास पांच लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण देण्यांत आलें. हीं पावलें मोठीं आहेत. परंतु या शेवटच्या योजनेची वही उघडते ती मनुष्य रुग्णालयांत दाखल झाल्यावर. जो मधुमेही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून गोळ्या घेऊन जातो, त्याचीं वीस वर्षें तींत कोठेंच नाहींत. माझ्या सहकाऱ्याचा पाय तींत दिसला असता. पण त्याच्या आधींचीं वर्षें दिसलीं नसतीं. आणि जुनाट रोगाचा इतिहास म्हणजे तीं आधींचींच वर्षें होत.

तेव्हां माझी एक साधी सूचना आहे. सरकारी वही होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत प्रत्येक घरानें आपली एक वही करावी. घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाचें वजन, रक्तदाब व रक्तांतील साखर वर्षांतून एकदां तरी तपासवून तारखेसह लिहून ठेवावी, आणि डॉक्टरांकडे जातांना ती बरोबर न्यावी. घरांत जमाखर्चाची वही असते, दुधाचा हिशेब असतो, मुलांचीं प्रगतिपुस्तकें जपून ठेवलेलीं असतात. त्यांच्या शेजारीं ही आणखी एक राहील. माझ्या सहकाऱ्यांनीं ती हल्लीं सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यांनीं स्वतःच्या नांवापुढें, जुन्या संवयीनें, "हजर" असें लिहिलें आहे.