हिवतापाचे सर्वेक्षण आणि सर्वसाधारण आरोग्ययंत्रणा (१९५८–१९७७)

भारतात हिवताप पुन्हा का उसळला, या प्रश्नाची मीमांसा करताना डीडीटीला न जुमानणारे डास, त्या द्रव्याच्या पुरवठ्यातील खंड आणि शहरांकडे झालेले दुर्लक्ष ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. ती खरीच आहेत. तथापि याच काळात रोगावर नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्यात येत होती. प्रस्तुत टिपणात या प्रशासकीय स्थित्यंतराचा विचार करावयाचा आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व त्यांपैकी आठ लक्ष दगावत, असा अंदाज केला जातो. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून धारवाड व कानडा जिल्ह्यांत केलेल्या फवारणीचा अनुभव जमेस धरून १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. निर्मूलन म्हटले की फवारणी कधीतरी थांबवावी लागते, आणि ती थांबवावयाची तर रोग कोठे दडून आहे हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी दहा हजार लोकवस्तीमागे एक सर्वेक्षण कर्मचारी नेमण्यात आला. त्याने दर पंधरवड्यास घरोघर जावे, ताप आलेल्याच्या रक्ताचा नमुना काचपट्टीवर घ्यावा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्याव्यात आणि भेटीची तारीख भिंतीवरील चौकटीत नोंदवावी. अशा चौघांवर एक निरीक्षक असे. भिंतीवरील तारीख कोणासही वाचता येई. दफ्तरातील नोंदीपेक्षा ही नोंद अधिक बोलकी होती, असे मला वाटते. १९६१ मध्ये देशभरातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आत आली.

यशाबरोबरच प्रश्न उभा राहिला: रोग ओसरलेल्या प्रदेशात ही फौज किती काळ पोसावी? भोर समितीने १९४६ मध्येच प्रतिबंधक व उपचारात्मक सेवा एकत्र असाव्यात असे सांगितले होते. तो धागा धरून चढ्ढा समितीने १९६३ मध्ये संधारण अवस्थेतील दक्षता प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे सोपविण्याची शिफारस केली. दहा हजार वस्तीमागे एक मूलभूत आरोग्य सेवक असावा, त्याने महिन्यातून एकदा घरभेट द्यावी, आणि हिवतापाबरोबरच जन्ममृत्यूच्या नोंदी व कुटुंबनियोजनाचे कामही पाहावे, अशी ती योजना. माणसामागची वस्ती तीच राहिली. कामे मात्र तिप्पट झाली आणि भेटींतील अंतर दुप्पट. गणित एवढेच आहे, पण सारा प्रश्न त्यात सामावलेला आहे.

दोनच वर्षांत मुखर्जी समितीला मान्य करावे लागले की, या सेवकाकडून ना हिवतापाचे काम नीट होते, ना कुटुंबनियोजनाचे. सबब दोहोंसाठी कर्मचारी वेगळे ठेवावेत. पुढे १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने पुन्हा एकत्रीकरणाची दिशा धरली आणि ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ ही संज्ञा रूढ झाली.

म्हणून विलीनीकरणानेच रोग परत आला असे म्हणावे काय? मला ते पटत नाही. जी केंद्रे ही जबाबदारी घेणार होती, ती अनेक तालुक्यांत अपुरी होती. कोठे डॉक्टर नव्हता, कोठे काचपट्ट्या तपासणारा नव्हता. पट्टी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की सर्वेक्षण केवळ नावाला उरते: तोवर डासाने रोग शेजारच्या घरी नेलेला असतो. ज्या देहात अवयव जोडावयाचा तो देहच धड उभा नव्हता. उलट, स्वतंत्र यंत्रणा कायम ठेवली असती तरी डीडीटीचा तुटवडा तिला चुकला नसता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

१९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लक्षांवर गेली. १९७७ च्या सुधारित योजनेने निर्मूलनाचे तातडीचे उद्दिष्ट बाजूस ठेवले. मृत्यू टाळणे व आजार कमी करणे हे ध्येय ठरविले, आणि दर हजारी दोन वा अधिक रुग्ण असलेल्या क्षेत्रांपुरती फवारणी राखली. बहुउद्देशीय कर्मचारी मात्र तसाच राहिला, आणि रक्तनमुने गोळा करण्याचे काम त्याच्याचकडे राहिले.