हजार डॉलरचं पाकीट आणि पुसलेलं विजेतेपद

१९८८ साली लॉस एंजेलिसमध्ये एमरी वर्ल्डवाइड या कुरिअर कंपनीच्या कर्मचाऱ्यांना एक पाकीट उघडलेल्या अवस्थेत सापडलं. आत एक व्हिडिओ कॅसेट होती आणि पन्नास डॉलरच्या वीस नोटा. पाठवणाऱ्याचं नाव होतं ड्वेन केसी, केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक. पत्ता होता केंटकीत खेळायला येऊ घातलेल्या एका शाळकरी खेळाडूच्या वडिलांचा. आपण नोटा ठेवल्याच नव्हत्या, असं केसी ठामपणे सांगत राहिले. त्यांनी कंपनीवर दावा ठोकला आणि कंपनीने तो तडजोडीने मिटवला. पण बातमी फुटली ती फुटलीच.

मुख्य प्रशिक्षक एडी सटन यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ मे १९८९ मध्ये निकाल आला. पाकिटाचं आणि इतर काही प्रकरणं धरून केंटकीला तीन वर्षं प्रोबेशन, दोन हंगाम राष्ट्रीय स्पर्धेची दारं बंद आणि एक हंगाम टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही.

ही शिक्षा सुनावणारी संस्था म्हणजे एनसीएए. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. विद्यार्थी हौशी खेळाडू आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळेल पण खेळण्याचा पगार नाही, हा तिचा पाया. त्यामुळे शाळकरी खेळाडूला आपल्याकडे ओढताना प्रशिक्षकाने त्याला कधी भेटावं, किती फोन करावेत, जेवणाचं बिल कुणी द्यावं, इथपर्यंत नियम झाले. नियम कागदावर राहिले आणि व्यवहार आपल्या वाटेने चालत राहिला. कार्नेगी फाउंडेशनने १९२९ च्या अहवालात ११२ संस्थांची पाहणी मांडली, तेव्हाच बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसे मिळत होते. १९४८ मध्ये ‘सॅनिटी कोड’ नावाची कडक संहिता आली. ती मोडणाऱ्या सात संस्थांना १९५० मध्ये हाकलून देण्याचा ठराव मतदानाला आला, तो दोन तृतीयांश मतांअभावी पडला. ज्यांनी हाकलायचं, त्यांच्यातल्या अनेकांचे स्वतःचेच हात स्वच्छ नव्हते.

खरा धाक बसवला तो वॉल्टर बायर्स यांनी. १९५१ पासून १९८७ पर्यंत तेच संस्थेचे कार्यकारी संचालक होते. पैसे घेऊन सामन्यातले गुण मुद्दाम कमी करण्याचं प्रकरण ते आले तेव्हा गाजत होतं. त्यात केंटकीचे माजी खेळाडू अडकले आणि चौकशीत खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याचंही बाहेर आलं. मग एनसीएएने सदस्यांना सांगितलं, केंटकीशी कुणी खेळू नका. १९५२-५३ चा अख्खा हंगाम प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांचा संघ फक्त सराव करत राहिला. पुढच्या वर्षी तो उतरला आणि २५ पैकी २५ सामने जिंकला!

१९७३ मध्ये साउथवेस्टर्न लुइझियाना या तुलनेने लहान विद्यापीठावर १२० हून अधिक नियमभंग सिद्ध धरले गेले आणि त्याचं बास्केटबॉलच दोन हंगाम बंद पडलं. लहानांना काठी आणि मोठ्यांना छडी, ही तक्रार तेव्हापासूनची. लास वेगासच्या यूएनएलव्हीचे प्रशिक्षक जेरी टार्केनियन तर उघड म्हणायचे, एनसीएए केंटकीवर चिडली की क्लीव्हलँड स्टेटची शिक्षा वाढवते. टार्केनियन यांना दोन वर्षं निलंबित करा, असं फर्मान १९७७ मध्ये सुटलं. ते कोर्टात गेले. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरले, पण खुर्ची काही सुटली नाही. १९९० मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि १९९८ मध्ये एनसीएएनेच त्यांना २५ लाख डॉलर देऊन वाद मिटवला.

इकडे केंटकीची घडी बसवायला १९८९ मध्ये रिक पिटिनो आले. १९९६ मध्ये त्यांनी विजेतेपद आणलं. पुढे शेजारच्या लुइव्हिल विद्यापीठात जाऊन २०१३ मध्ये दुसरं. दोन वेगवेगळ्या विद्यापीठांना पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे ते पहिले प्रशिक्षक. पण लुइव्हिलच्या वसतिगृहात एका कर्मचाऱ्याने खेळाडूंसाठी आणि पाहुण्या शाळकरी मुलांसाठी वेश्या आणल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि १२३ विजयांसह ते विजेतेपद रद्द झालं. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये विजेतेपदच पुसलं जाण्याची ती पहिली वेळ.

त्याआधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, एफबीआयने चार सहायक प्रशिक्षक आणि अदिदासचा एक अधिकारी यांच्यासह दहा जणांना अटक केली होती. अमुक विद्यापीठात जा म्हणून खेळाडूंच्या घरच्यांना पैसे, तमुक सल्लागाराकडे खेळाडू वळवावेत म्हणून प्रशिक्षकांना लाच, असा तो बाजार होता. शिक्षेत मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. ओक्लाहोमा स्टेटने लाचखोर सहायकाला २०१७ मध्येच काढून टाकलं होतं, तरी बंदी भोगली ती २०२१-२२ च्या खेळाडूंनी. कॅन्ससवरचे आरोप अधिक गंभीर होते. तो खटला रेंगाळत असतानाच कॅन्ससने एप्रिल २०२२ मध्ये विजेतेपद जिंकलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल लागला तेव्हा २०१७-१८ चे १५ विजय आणि त्या वर्षीची उपांत्य फेरी गेली, तीन वर्षं प्रोबेशन आलं; राष्ट्रीय स्पर्धेची बंदी नाही.

तोवर ज्या हौशीपणासाठी हा सारा खटाटोप होता, तोच ढासळला होता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशांनी, भरतीच्या वेळी अशा कमाईचे करार करण्यावरची बंदी अमलात आणायला एनसीएएला मनाई केली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली; २०२५-२६ साठी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हजार डॉलरच्या पाकिटासह इतर प्रकरणांपायी ज्या केंटकीची दोन वर्षं गेली, तिलाही आता हा मार्ग खुला आहे.

जुन्या शिक्षा मात्र कायम आहेत. लुइव्हिलच्या पाच खेळाडूंनी एनसीएएवर खटला भरला. २०१९ च्या तडजोडीत त्यांचे वैयक्तिक विक्रम आणि ल्यूक हॅनकॉक यांचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार परत मिळाला. या पाचही जणांचा वसतिगृहातल्या त्या प्रकरणात हात नव्हता. तरीही २०१३ चं विजेतेपद एनसीएएच्या नोंदींत आजही रद्दच आहे.